पेशी वाढली

महाराजपूर, जबलपूर
९ नोव्हेंबर

चि. नागसेन,

जयभीम. आधी 'सप्रेम' लिहायचा रिवाज आहे, पण तो शब्द सध्या दुरुस्तीला गेला आहे.

तुझा ई-मेल मिळाला. बाबा गेल्यानंतरचा हा तुझा पहिलाच मजकूर, आणि त्याच्या माथ्यावर संस्थेचं बोधचिन्ह. सुरुवात 'आदरणीय कुटुंबीय' अशी. मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. उत्तर कागदावर देते आहे, कारण फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर तुझं संभाषण दोन निळ्या खुणांपलीकडे जात नाही. पाकीट निदान फाडावं तरी लागतं.

मला समजलं ते असं. चुकलं असेल तर सांग. मी संस्कृत शिकवते, आमच्याकडे अर्थ लावायची सवय असते, तो असो वा नसो.

बाबा हैदराबादला तुझ्याकडे आले होते तेव्हा तू त्यांच्या मांडीतून मसुराएवढा तुकडा काढलास. हे मला ठाऊक होतं. परत आल्यावर त्यांनी ती पट्टी अख्ख्या कॉलनीला दाखवली होती, 'माझ्या पोरानं घेतला' म्हणून, लग्नाची पत्रिका दाखवावी तशी. त्या तुकड्यातल्या पेशी तू काचेच्या बशीत वाढवल्यास, हेही ते सांगायचे. पण माझी समजूत होती की माणूस गेला की त्याचं सगळंच जातं. तू लिहितोस, गेलेलं नाही. बाबांच्या स्नायूंच्या पेशी जिवंत आहेत, वाढताहेत, एकमेकींना जुळून त्यांचे धागे होतात आणि ते धागे हलतात. त्यांना मधुमेहही अजून आहे.

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. भर दुपार होती. खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या रेंजवर तोफांच्या चाचण्या चालल्या होत्या, आपली तावदानं नेहमीसारखी थरथरत होती. आयुष्यभर ऐकलेला आवाज, पण मी उठून दार उघडून पाहिलं.

पुढचं तू माझ्यासारखीला कळेल असं लिहिलंस, त्याबद्दल आभार. स्नायूत चरबीचे बारीक थेंब साठतात आणि त्या थेंबांभोवती प्रथिनांचा पहारा असतो, त्यांना पेरिलिपिन म्हणतात. नावावर मी खूश आहे. 'परि' म्हणजे भोवती, 'लिप्' म्हणजे लेप देणं. ग्रीकांनी आपल्याच घरचं भांडं नेऊन कल्हई करून आणलेलं दिसतं. आणि चरबीला संस्कृतात म्हणतात स्नेह. तेल तेही स्नेह, माया तीही स्नेह. म्हणजे तुझा सगळा विषय हा की माणसाच्या अंगात स्नेह किती आहे यापेक्षा त्यावर पहारा कसा आहे. धावपटूच्या स्नायूत हे थेंब भरपूर, मधुमेह्याच्याही भरपूर. धावपटूचा पहारेकरी कामापुरती चरबी सोडतो. दुसऱ्याचा ढिला पडला की ती आतल्या आत पाझरते, आणि मग इन्शुलिन दारात उभं राहून हाका मारतं, पेशीला ऐकू येत नाही. तू म्हणशील, ताईचं प्रवचन सुरू झालं. बाबाही म्हणायचे, जयभीमवाल्यांच्या घरात ही पंडितीण कुठून निपजली.

बाबा काडीसारखे. जन्मभर महाराजपूर ते खमरियाच्या कारखान्यात सायकलनं ड्यूटीला गेले. दवाखान्यात डॉक्टर म्हणायचा, "दादा, आप तो इतने दुबले हो, आपको शुगर कैसे?" आणि ते ओशाळायचे, दुसऱ्या कोणाचा रोग चुकून आपल्या पत्त्यावर आल्यासारखे. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या पेशींत आहे असं तुला वाटतं. इतर रुग्णांच्या पेशींत पहारेकरी कमी, बाबांच्यात पुरेसे, तरी साखर आत घेत नाहीत. का, ते अजून सापडलेलं नाही. म्हणून तुझ्या मते चालू ठेवावं.

पण तुमचा प्रकल्प संपतो आहे. पेशी दुसऱ्या प्रयोगशाळेला देऊन चालू ठेवायच्या, की आहेत तेवढ्या सगळ्या नष्ट करायच्या, हे दात्याच्या जवळच्या माणसानं सांगायचं. म्हणजे आईनं.

नागसेन, आईला हे एकदा विचारून झालेलं आहे.

करोनाच्या त्या एप्रिलात वॉर्डाच्या दारापुढे कोणालाच सोडत नव्हते. नर्सनं फोन केला, "अम्माजी, मशीन आगे चलाएँ या नहीं?" आईच्या एका कानाला तो फोन, आणि दुसऱ्या फोनवर तू हैदराबादहून: "आई, थांबवा म्हण." ती म्हणाली. तुझं म्हणणं बरोबर होतं, डॉक्टरांचंही तेच होतं. पण शब्द तिच्या तोंडून गेला. तेव्हापासून ती तुझ्याशी बोललेली नाही, आणि तो शब्द या घरात निघत नाही. ऑटोवाल्यालासुद्धा ती म्हणते, "बस भैया, यहीं."

आता तोच प्रश्न पुन्हा तिच्यापुढे ठेवायचा आहे. ठेवीन. वेळ बघून.

यशोधराताई


२१ नोव्हेंबर

चि. नागसेन,

विचारलं. फार सोपं गेलं, आणि त्यामुळेच मला बरं वाटत नाहीये.

आई अंगणात मेथी निवडत होती. मी म्हटलं, "नागसेनचं पत्र आलंय. बाबांच्या पेशी अजून चालू आहेत म्हणतो."

"अजून?" तिनं मान वर केली नाही.

"हो. वाढताहेत."

"वाढणारच. तिचं कामच ते होय." एक जुडी निवडून झाली. "मग आता काय म्हणून राहिला तो?"

"चालू ठेवायचं की बंद करायचं, ते तू सांग म्हणतो."

"बंद काहून? अर्धी जिंदगी घातली त्याईनं त्यात. चालू ठेव म्हणा. मी आहे तोवर चालू ठेव." आणि मग, ऐक, तुझ्याबद्दल बोलली. "चलो, नागसेननं काही तरी मनावर घेतलं."

एवढंच. रडणं नाही, 'म्हणजे काय गं' नाही. माझ्या विद्यार्थिनींना साधा समास उलगडायला आठवडा लागतो, आणि आईला पेशीविज्ञान मेथीच्या एका जुडीत समजलं.

तेव्हापासून ती उत्साहात आहे. काल तिनं ट्रंकेतून बाबांचा पांढरा शर्ट काढून धुतला. दोरीवर बाह्या खाली लोंबत होत्या आणि वारा आला की उजवी बाही वर व्हायची, काही विचारायचं असल्यासारखी. मी तो लवकर काढून घेतला, ओलाच.

तिचं उत्तर 'चालू ठेव' असं आहे. कळवलं.

ताई


२६ नोव्हेंबर

नागसेन,

मागच्या पत्रातलं उत्तर धरू नकोस.

आज विष्णू इस्त्रीचे कपडे द्यायला आला. बाबांचा शर्ट वेगळा, हँगरला, वर कागद घालून. म्हणाला, "दीदी, अम्मा बोल रही थीं दादा की पेशी है। तो मैंने कॉलर कड़क कर दी।" तो या भागात नवा आहे. त्याला वाटतं दादा कुठे गावाला गेलेत.

पेशी. हायकोर्टाच्या या शहरात जन्म काढून मी हा शब्द विसरले. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. आपल्या प्लॉटची केस आठव: सोसायटीनं एकच जागा दोघांना विकलेली, आणि बाबा सुट्टी टाकून, पांढरा शर्ट घालून तारखांना जायचे. गुणवंत वकील फाटकातूनच ओरडायचे, "अम्मा, पेशी बढ़ गई!" आणि आई आत येऊन आपल्याला मराठीत सांगायची, पेशी वाढली. आपण लहानपणी समजायचो की ती कुठली तरी वेल आहे.

निकाल बाबांच्या माघारी लागला, आपल्या बाजूनं. मी आईला सांगितला होता, तिनं मान हलवली होती. आता कळतंय की ती मान फक्त हलली होती.

संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. मराठीत तुझी ती सूक्ष्म गोष्ट. हिंदीत कोर्ट. मला तिन्ही भाषा येतात अशी माझी ख्याती आहे. मी 'वाढताहेत' म्हटलं आणि आईनं ऐकलं की तारीख पुढे ढकलली. म्हणजे गेला आठवडाभर तिच्या हिशेबानं बाबा वारले आहेत, पण त्यांना अजून हजर व्हायचं आहे. कपडे तयार आहेत.

शर्ट मी कपाटात आतल्या बाजूला लावला. संध्याकाळी पाहिलं तर तो दाराच्या खिळ्यावर होता.

तिला खरं सांगावं लागेल. तोवर काही करू नकोस.

ताई


९ डिसेंबर

चि. नागसेन,

सहा तारखेला विहारातून मेणबत्ती लावून आलो. आई पायरीवर चपला काढत होती, तिथेच सांगून टाकलं. कोर्ट नाही, बाबांच्या अंगातला तुकडा; बशी; धागे. तिनं एक चप्पल हातात धरून सगळं ऐकलं.

"म्हणजे त्याईचं मांस."

"मांसाच्या पेशी, आई. डोळ्याला न दिसणाऱ्या."

"जिते आहेत?"

"जिते आहेत."

ती चप्पल खाली ठेवायला फार वेळ लागला. मग म्हणाली, "मग त्या दिवशी मी काय बंद केलं?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर पाठव. माझ्याकडे नुसतं व्याकरण आहे. मी तिला म्हटलं, माणूस वेगळा, पेशी वेगळ्या. ती म्हणाली, "हो काय." तिचा 'हो काय' तुला माहीत आहे. मोठमोठे लोक त्यापुढे पुस्तक मिटतात.

घरात भूतबित काही नसतं, हा नियम बाबांनी घातलेला, आणि त्यांच्या घरात तो त्यांनाही लागू असणार. म्हणून आई घाबरली आहे असं म्हणता येत नाही. व्हरांड्यातल्या त्यांच्या सायकलचं मागचं चाक हल्ली दुपारी कधीकधी किरकिरतं, ड्यूटी सुटायच्या सुमारास. आई म्हणते, वारा आहे. मीही म्हणते, वारा आहे. डिसेंबरात आम्ही व्हरांड्याला जाड पडदा लावतो, हे दोघींनाही ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "खातात काय ते तिथं?"

मी तुझा ई-मेल वाचून दाखवला. साखर, क्षार, प्रथिनांचे तुकडे, घोड्याच्या रक्तातलं पाणी.

"साखर?"

"साखर."

"पोरगा बापाले साखर पाजून राहिला." भाकरी तव्यावर तशीच राहिली. "मी त्याईच्या चहात चिमूट टाकली नाही कधी. बाहेर कुठं खाऊन आले तर तोंडाचा वास घेत होती मी." आणि हसली. खरंच हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग पाणी येतच राहिलं, हसणं कुठं संपलं ते मला सांगता येणार नाही.

भाकरी जळली. ती खरवडत म्हणाली, "कोण पाजते?"

तू लिहिलं आहेस की एक दिवस आड तू स्वतः देतोस, विद्यार्थ्यांना हात लावू देत नाहीस. तेही वाचलं.

"सुट्टी राहते तवा?"

"सुट्टीतही."

"दिवाळीले?"

"दिवाळीलाही तोच जातो, आई."

"म्हणून आला नाही."

इकडे आम्ही चार वर्षं म्हणत होतो की नागसेन बापाच्या वेळी आला नाही. तू तिकडे त्यांच्याजवळून हललाच नव्हतास, आणि या ई-मेलआधी हे तू कोणाला सांगितलंही नाहीस. पहारेकऱ्यांवर संशोधन करणाऱ्या माणसानं स्वतःवर इतका पहारा ठेवू नये.

उत्तर तिनं अजून दिलेलं नाही. तिला आधी पाहायचं आहे. "दिसते काय ते?" असं विचारते. हलतात म्हणालास, तो व्हिडिओ असेल तर पाठव. तिला कितपत झेपेल मला माहीत नाही, पण न बघता तिनं एकदा सांगितलेलं आहे. या वेळी बघून सांगू दे.

ताई


४ जानेवारी

चि. नागसेन,

व्हिडिओ आला तेव्हा मी कॉलेजात होते. पेपर तपासायच्या खोलीत एकटीनं पाहिला. करडं पाणी, त्यात लांबट फिकट धागे. सगळे स्तब्ध, आणि मधलाच एक अचानक आखडतो, सुटतो. जरा थांबून पुन्हा. धाग्यांत चमकदार ठिपके, त्यांच्याकडे तू बाण काढून 'चरबीचे थेंब' असं लिहिलंयस. आवाज नाही, हे बरं केलंस. मी पदर घट्ट घेऊन बसले आणि नंतरच्या तासाला मुलींना चुकीचा श्लोक शिकवला. कोणाच्या लक्षात आलं नाही, हे आमच्या विषयाचं वैशिष्ट्य.

आईला काल दाखवला. अंगणात उन्हात खाट टाकली होती. तिनं चष्मा पुसला, फोन दोन्ही हातांत ताटासारखा धरला. मी काय काय समजावायला सुरुवात केली तर म्हणाली, "तू जरा चूप बस न बाई."

पाहत राहिली. संपला की मी पुन्हा लावून द्यायची. कितव्यांदा तरी म्हणाली, "पाय आहे हा."

"मांडीतलंच आहे, आई."

"मांडीतलं नाही म्हणत. पाय म्हणून राहिली. ड्यूटीवरून येऊन पडायचे न दुपारचे, तवा झोपेत पाय असाच उडायचा त्याईचा. सायकल चालवून चालवून. दचकून उठायचे. मग मी हात ठेवायची." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवला, जडसा, खाली दाबून. "असा. की थांबायचा."

तिच्या तोंडून तो शब्द गेला. तिच्या ध्यानात आलं की नाही, सांगता येत नाही. ती पडद्याकडे बघत होती. धागा आखडला, सुटला, आखडला, आणि आईनं त्यावर बोटं ठेवली.

व्हिडिओ थांबला.

पडद्याला बोट लागलं की चित्र थांबतं, हे तुला मला माहीत. तिचा फोन बटणांचा आहे. माझ्या तोंडावर स्पष्टीकरण आलं होतं, पूर्ण वाक्य, कर्ता-कर्म-क्रियापदासह. ते मी गिळलं. माझ्यापुरता हा विक्रम आहे, कुठं तरी लिहून ठेव.

तिनं बोटं उचलली नाहीत. ऊन खाटेवरून भिंतीकडे सरकलं, पडदा काळा झाला, तरी तिचा हात तिथंच होता. व्हरांड्यातून किरकिर आली. तिनं तिकडे पाहिलं नाही.

"थांबला," ती म्हणाली.

मग, "त्या दिवशी कोणी हात नाही लावू दिला, यशू. काचेच्या आड होते. फोनवर म्हणावं लागलं."

"हो."

"नागसेनले लिही. आता थांबव म्हणा. मी म्हणून राहिली, मले कोणी शिकवून नाही दिलं. पण दुरून नको म्हणा. दुसऱ्या कोणाले सांगू नको, फोनवर तर नकोच. त्यानं स्वतः जावं, हात ठेवावा, जरा वेळ ठेवावा. मग." आणि खाटेवरून उठताना, "त्याले म्हणा, त्याचंबी राहूनच गेलं आहे ते."

तर हे उत्तर. संस्थेच्या भाषेत हवं असेल तर तसा मसुदा करून आईची सही घेईन; तिनं वाचून पाहिल्याशिवाय नाही, आणि त्यात 'पेशी' हा शब्द असणार नाही.

तुझं काय जाणार ते मला कळतं. डॉक्टरांनी बाबांना विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर आता बाबांकडून मिळायचं नाही. पण बाबांचा वंश तेवढ्यावर संपत नाही. मला गेल्या पावसाळ्यापासून साखर आहे. गोळ्या चालू आहेत, आईला माहीत नाही, तुला सांगायचा योग आला नव्हता. मीही काडीच. मीही ओशाळते. परीक्षा संपल्या की मेमध्ये हैदराबादला येते; मसुराएवढं काय, वाटाण्याएवढं घे. माझ्यातल्या पहारेकऱ्यांना विचार काय विचारायचं ते. फक्त मी जिवंत असेतो मला फोनवर उत्तरं देत जा, एवढी अट.

व्हिडिओ मी पुसलेला नाही, पण उघडायचंही होत नाही. उघडला की तो आपोआप चालू होतो, आणि आई तर म्हणाली आहे की थांबला.

एक राहिलं. तू हात ठेवशील तेव्हा ती बशी हाताला कोमट लागते की गार, तेवढं कळव. आईनं विचारलं आहे असं समज.

ताई